‘नो’ म्हणजे हो, हे कुणी ठरवलं?

खिडकीतली

ताकाला जाऊन भांडं लपवत नाही. माझा पोपट झालाय, तोही एका अक्षराच्या शब्दापायी.

ऑक्टोबरपासून पोलंडमध्ये आहे, व्रोत्स्वाफला, प्रयोगशाळेतल्या कामासाठी. एका जुन्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर खोली घेतलीय. मालकीणबाई सत्तरीच्या, तळमजल्यावर राहतात. मला पोलिश येतं ते नमस्कार, आभार, उजवीकडे, डावीकडे आणि ‘ताक’ एवढंच. ताक म्हणजे हो. पहिल्या आठवड्यात जो तो मला ताक ताक म्हणायचा आणि मला उगाच तहान लागायची.

जानेवारीत खोलीतला कालोरिफेर बिघडला. खिडकीखाली भिंतीला लावलेला तो लोखंडी पन्हळ्यांचा हीटर असतो ना, तो. खालून कोमट, वरून थंडगार. मालकीणबाई वर आल्या, त्यांनी त्यावरून तळहात फिरवला, एप्रनच्या खिशातून फोन काढला आणि प्लंबरला लावला. मला एकच बाजू ऐकू येत होती, ती अशी:

“नो. … नो. … नो, नो, नो. … नो ताक. … नो तो पा.”

चेहरा गंभीर. इतक्या वेळा नकार दिल्यावर मधलं एक ताक कोण धरून बसतो? फोन ठेवून त्या मला काहीतरी म्हणाल्या, त्यातलं ‘युत्रो’, म्हणजे ‘उद्या’, तेवढं कळलं. मी अर्थ लावला: तो येत नाहीये, उद्या बघू. मीही मान डोलावली.

दुसऱ्या दिवशी सकाळी कुलूप लावून कामाला गेले. प्लंबर सांगितल्या वेळेला आला आणि अवजारांची पेटी घेऊन अर्धा तास जिन्यात बसून परत गेला. संध्याकाळी मालकीणबाई दारातच उभ्या. “नो पशेचेश मुविवाम!” म्हणजे, अगं सांगितलं होतं ना मी! पुन्हा नो आहेच. फुकट फेरीचे पैसे मी भरले आणि पुढच्या दोन रात्री दोन स्वेटर घालून झोपले. नंतर तो आला तेव्हा काम पाच मिनिटांचं निघालं. आत हवा अडकली होती. एक बारकी चावी फिरवली, फुस्स झालं, दोन थेंब पाणी आलं, संपलं.

तेव्हापासून कान टवकारून ऐकतेय. पोलिश माणूस फोनवर ‘नो’ म्हणतो म्हणजे ‘हं’, ‘हो’, ‘बरं’ म्हणतो. ‘नो होच!’ म्हणजे ‘चल ना!’. ‘नो त्सो ती!’ म्हणजे ‘काहीतरीच काय!’. आणि ‘नो तो पा’ म्हणजे ‘बरं मग, ठेवते’. खरा नकार म्हणजे ‘न्ये’. परवा ट्राममध्ये एका आईने पोराला काहीतरी विचारलं, पोरगं म्हणालं “नो”. आईने तिथल्या तिथे दटावलं: “न्ये नो, तिल्को ताक!” नो नाही, ताक म्हणायचं. थेट आपलं ‘हं काय? हो म्हण!’

तर माझा प्रश्न. इंग्रजीतला नकाराचा ‘नो’ आणि पोलिशमधला होकाराचा ‘नो’ हे एकच का? एकाच शब्दाने कधीतरी कोलांटी उडी मारली का? की दोन वेगळी माणसं एकाच नावाने फिरतायत? आणि युरोपात बाकीच्यांकडे हा ‘नो’ काय करतो? जिथे कुठे असाल तिथलं लिहा.

---

ट्रामवाला

हसून हसून पुरेवाट. मी बर्नोत आहे, झेक प्रजासत्ताकात, आणि इथेही तुमची सुटका नाही. इथे ‘हो’ला ‘आनो’ म्हणतात. ते फार ताठ वाटतं म्हणून बोलताना लोक ‘यो’ म्हणतात, नाहीतर नुसतं ‘नो’. नकार म्हणजे ‘ने’. ऑफिसात माझ्या शेजारी बसणारा गृहस्थ कुठल्याही संकटावर एकच प्रतिक्रिया देतो: “नो यो, नो.” सर्व्हर पडला, नो यो, नो. ट्राम चुकली, नो यो, नो. मराठीत त्याला ‘हं… असायचंच’ म्हणेन.

‘आनो’ फोडला तर ‘आ’ अधिक ‘नो’. इंग्रजाला हा शब्द दाखवून ‘यात हो कुठे आहे’ विचारलं तर त्याला नकारच दिसेल. इथे २०११ साली निघालेल्या एका राजकीय पक्षाचं नावही ‘आनो’ आहे. गंमत म्हणजे ‘नाराज नागरिकांची कृती’ अशा अर्थाच्या तीन झेक शब्दांची आद्याक्षरं जोडून ते बनलंय. नाराजांनी एकत्र येऊन ‘हो’ म्हटलं!

उगम वगैरे मला विचारू नका, ते अर्धविराम सांगतील. येतीलच आता वही घेऊन.

---

अर्धविराम

आलो, वहीसकट.

खिडकीतली, आपली शंका रास्त आहे आणि उत्तर दुसऱ्या पर्यायाचं आहे: माणसं दोन, नाव एक. कोलांटी उडी कुणी मारलेली नाही.

पहिलं माणूस म्हणजे नकाराचं ‘न’. हे आपल्या घरचंच. संस्कृत ‘न’, पोलिश ‘न्ये’, झेक ‘ने’, जुनं इंग्रजी ‘ने’, सगळी एका मुळाची. पण नुसता ‘न’ फार बारका शब्द आहे, बोलण्याच्या गडबडीत ऐकू येत नाही. म्हणून बऱ्याच भाषांनी त्याला काहीतरी टेकू दिला. कुणी काय टेकू दिला, हे बघण्यात खरी मजा आहे.

इंग्रजीने ‘आ’ जोडला. जुन्या इंग्रजीत ‘आ’ म्हणजे ‘सदा, कधीही’. ने + आ = ना, आणि त्या ‘ना’चा उच्चार शतकानुशतकं सरकत आजचा ‘नो’ झाला. आता हा ‘आ’ कोण? लॅटिनमधल्या ‘एवुम’चा, म्हणजे युगाचा, भाऊबंद, आणि आपल्या ‘आयु’चाही. म्हणजे इंग्रजी ‘नो’ उलगडला तर आत ‘न’ आणि ‘आयु’ सापडतात. आपण चिडून ‘जन्मात नाही!’ म्हणतो ना, इंग्रज दिवसातून शंभरदा नेमकं तेच म्हणतो. दुकानात पिशवी हवी का विचारलं तरी उत्तर ‘जन्मात नाही’.

लॅटिन आणि जर्मन दुसऱ्या वाटेने गेल्या. जर्मन ‘नाइन’ म्हणजे न + आइन, ‘एकही नाही’. लॅटिन ‘नोन’ही तसाच. त्याचं जुनं रूप ‘नोएनुम’ सापडतं, त्यातही न आणि ‘एक’. स्पॅनिश, इटालियन आणि कातालान यांचा ‘नो’ या लॅटिन ‘नोन’मधून आला. म्हणजे बघा, इंग्रजी ‘नो’ आणि स्पॅनिश ‘नो’ दिसतात सारखे, अर्थही तोच, पण आतला टेकू निराळा: एकात आयुष्य, दुसऱ्यात एक. ‘न’पुरते ते सख्खे, पुढे सावत्र. (जाता जाता: संस्कृतात न + एक केलं की ‘नैक’ होतं आणि त्याचा अर्थ पुष्कळ, जसा ‘अनेक’चा. त्याच दोन विटांतून रोमन लोकांनी ‘मुळीच नाही’ बांधलं आणि आपण ‘ढीगभर’. असो.)

रशियन ‘न्येत’मध्ये तर अख्खं वाक्य दडलंय: ‘नाही आहे इथे’. संस्कृतातलं ‘नास्ति’ आठवा, म्हणजे न + अस्ति.

आता दुसरं माणूस. हे ‘न’ नव्हे, ‘नु’. याचा मूळ अर्थ ‘आता’. इंग्रजी ‘नाउ’, जर्मन ‘नुन’, लॅटिन ‘नुन्क’, ग्रीक ‘न्युन’ ही त्याची पिलावळ. वेदात तो जागोजाग भेटतो. ऋग्वेदाच्या पहिल्या मंडलातलं बत्तिसावं सूक्त ‘इन्द्रस्य नु वीर्याणि प्र वोचम्’ असंच सुरू होतं: इंद्राचे पराक्रम आता सांगतो. स्लाव भाषांतला ‘नो’ अभ्यासक या ‘नु’च्या गोतात बसवतात. रशियन आणि बल्गेरियनमध्ये त्याचा अर्थ ‘पण’ झाला, पोलिश आणि झेकमध्ये ‘बरं, हं, हो’.

‘आता’चा ‘पण’ आणि ‘हो’ कसा होईल, असं वाटत असेल तर आपलंच बोलणं ऐका. ‘मी त्याला बोलावलं. आता तो आला नाही, तर मी काय करू?’ या ‘आता’त वेळ कुठे आहे? ‘आता बघ’, ‘आता काय सांगायचं’, ‘चल आता’. घड्याळ कधीच गळून पडलंय, उरलाय तो बोलणं पुढे ढकलणारा हात. मालकीणबाई फोनवर प्लंबरला तोच हात देत होत्या: बोल, ऐकतेय, बरं, पुढे. रशियात गाडीवान घोड्याला हाकतानाही ‘नो!’ म्हणतो. इंग्रज घोडा असता तर जागीच थांबला असता.

---

सांजवारा

अर्धविराम, जन्मात नाही हे आता डोक्यातून जाणार नाही.

मी लिस्बनमध्ये, माझा नो आणखी तिसराच. इथे नकार ‘नाउं’, नाकातून. ‘नो’ ही अक्षरं मात्र पाटीपाटीवर दिसतात, कारण पोर्तुगीजमध्ये त्याचा अर्थ ‘-त’, ‘-मध्ये’. ‘एं’ म्हणजे मध्ये आणि ‘उ’ हे पुल्लिंगी नामापुढचं उपपद. दोन्ही एकत्र आले, मधले आवाज झिजले आणि ‘नो’ उरला. स्त्रीलिंगी नाम असेल तर ‘ना’. म्हणून ब्राझीलमध्ये असेल तर ‘नो ब्राझील’ आणि फ्रान्समध्ये असेल तर ‘ना फ्रान्सा’. एक देश पुल्लिंगी, दुसरा स्त्रीलिंगी, कारण विचारायचं नाही.

पहिल्या महिन्यात एका कचेरीच्या दारावर पाटी वाचली, तिचा मी लावलेला अर्थ: ‘कामकाज नाही, पहिला मजला’. परत आले. पाटीवर होतं ‘कामकाज पहिल्या मजल्यावर’. त्यातही तिथला पहिला मजला म्हणजे जिना चढून वरचा, पण त्याबद्दल दुसरा धागा काढीन.

आणखी एक, म्हणायचं ‘नू’. लिहिताना नो, बोलताना नू. त्यामुळे कानाने शिकलेल्याला हा घोटाळा होतच नाही, तो फक्त माझ्यासारख्या पाट्या वाचत हिंडणाऱ्यांचा.

---

शंकेखोर

सांजवाऱ्याचा शेवटचा मुद्दा महत्त्वाचा, कारण या धाग्यातले निम्मे ‘नो’ कागदावरच एकसारखे आहेत. लाटवियनमध्येही ‘नो’ आहे, अर्थ ‘पासून’, पण उच्चार ‘नुओ’. शेजारच्या लिथुआनियनमध्ये तोच शब्द ‘नुओ’ असा सरळ लिहितात. रिगामध्ये दारावर ‘नो ९.०० लीद्झ १८.००’ लिहिलेलं दिसलं तर ‘नऊ ते सहा बंद’ समजून मागे फिरू नका. तेव्हाच उघडं असतं.

आणि रोमन लिपीत अंकाच्या आधी एन आणि ओ ही दोन अक्षरं, मग टिंब, असं लिहितात ते विसरलात सगळे. इंग्रजीत ‘नंबर’ या शब्दात ‘ओ’ कुठे आहे? नाहीच. ते लॅटिन ‘नुमेरो’चं पहिलं आणि शेवटचं अक्षर आहे. शाळेत वर्षानुवर्षं लिहिलं, कधी विचारलं नाही. पाचव्या इयत्तेत मी ‘नो. ५’ हे ‘पाच नको’ असं वाचलं होतं, बाई हसल्या होत्या, कारण मात्र सांगितलं नव्हतं.

माझी शंका वेगळीच. पोलिश ‘नो’ आणि आपला ‘ना’ (‘चल ना’, ‘हो ना’) इतके तंतोतंत बसतायत की आता इथे कुणीतरी म्हणणार, दोन्ही एकच. अर्धविराम, तसं म्हणू नका, प्लीज.

---

अर्धविराम

नाही म्हणत. आपला ‘येणार ना?’ मधला ‘ना’ सरळ नकाराच्या घरचा दिसतो: ‘येणार, की नाही?’ यातला ‘की’ गळला आणि ‘नाही’ आखडला, असाच तो ऐकू येतो. स्पॅनिश माणूसही वाक्याच्या शेवटी ‘नो?’ लावून हेच करतो. समोरच्याला नकाराची वाट दाखवायची, म्हणजे तो होकाराकडे येतो. पोलिश ‘नो होच’मधला नो ‘आता’च्या घरचा. दोघे एकाच कामावर लागलेत म्हणून भाऊ ठरत नाहीत.

मात्र दोन्ही माणसं एका खोलीत राहिल्याचं एक उदाहरण आहे, तेही संस्कृतात: ‘ननु’. न + नु. होकार अपेक्षित असेल असा प्रश्न करताना तो वापरतात, ‘नाही का?’ या अर्थाने. मालकीणबाईंना आवडेल.

---

उंबरठा

मला उगमातलं कळत नाही, पण सोफियाहून थेस्सालोनिकीला बसने जाताना जे पाहिलं ते सांगतो.

बल्गेरियात नकार म्हणजे ‘ने’. ग्रीकमध्ये होकार म्हणजे ‘ने’. (ग्रीक नकार ‘ओही’.) कुलाताची सरहद्द ओलांडली की तोच आवाज उलटा होतो. बरं, मानेवर भरवसा ठेवावा तर बल्गेरियन लोक ‘हो’ म्हणताना मान आडवी हलवतात आणि ‘नाही’ म्हणताना वरखाली. बसच्या मदतनीसाने अलीकडच्या बाजूला मला विचारलं, पाणी हवं का. मी मान डोलावली. तो पुढे गेला. पलीकडे पोचल्यावर दुसऱ्याने विचारलं, मी शहाणपणाने तोंडाने ‘ने’ म्हटलं. बाटली हातात. मला तेव्हा नको होती.

ग्रीक ‘ने’चा आपल्या ‘न’शी संबंध आहे का?

---

अर्धविराम

नाही. ‘खरोखर’, ‘शपथेवर’ अशा अर्थाचा प्राचीन ग्रीक शब्द आहे तो. तेव्हा ‘नाइ’ असा उच्चार होता, पुढे त्याचा ‘ने’ झाला. नकाराशी नातं नाही, नुसती वाट झिजत झिजत शेजाऱ्याच्या दारात आली.

---

हिमरेषा

उशिरा आले. पश्चिम नॉर्वेत राहते. नॉर्वेजियन लिहायच्या दोन अधिकृत पद्धती आहेत आणि त्यातल्या एकीत, नीनॉर्स्कमध्ये, ‘नो’ म्हणजे… ‘आता’! दुसरीत तोच ‘नो’ वेगळ्या अक्षराने लिहितात, ‘ए’वर गोल टिकली देऊन. म्हणजे माझ्या मुलीच्या शाळेतून चिठ्ठी येते त्यातला ‘नो’ अर्धविरामांच्या ‘नु’चा अगदी सख्खा, अर्थासकट जपलेला. पोलिश नोने घड्याळ काढून ठेवलं, आमच्याकडच्याने अजून हातात घातलंय.

आधी फिनलंडमध्ये होते, तिथेही ‘नो’ आहे, ‘बरं, तर मग’ असा. ‘नो नीन’ या दोन शब्दांवर फिनिश माणूस दिवस काढू शकतो, सूर बदलला की झालं: चला निघूया, झालं एकदाचं, बघ केलास ना घोटाळा, सगळं त्यातच. पण मला तिथे घरच्यासारखं वाटलं ते नकारामुळे. फिनिशमध्ये ‘नाही’ हे चक्क क्रियापद आहे, कर्त्याप्रमाणे चालतं: मी ‘एन’, तू ‘एत’, तो ‘एइ’, ते ‘एइवात’. वर्गातल्या इंग्रज आणि फ्रेंच मुलांनी डोक्याला हात लावला. मी मनात म्हटलं, त्यात काय? मी नाही, तू नाहीस, ते नाहीत. शिवाय आमच्याकडे नको, नये, नव्हे आणि नव्हतास आहेच. फिनिशचं आपल्याशी भाषिक नातं नाही, तरी नाही म्हणण्याची ढब मात्र आपल्यासारखी.

---

खिडकीतली

किती दिलंत! प्रिंट काढून कालोरिफेरच्या वर चिकटवणार आहे.

अर्धविरामांचं ‘ननु’ मालकीणबाईंना सांगावं म्हणून काल खाली गेले. अर्धं खुणांनी, अर्धं फोनवरच्या भाषांतराने. त्यांना ननु कितपत कळला कोण जाणे, पण त्यांनी मलाच उलटा प्रश्न विचारला. म्हणाल्या, तू रोज रात्री आईशी बोलतेस ते जिन्यात ऐकू येतं. प्रत्येक वाक्यानंतर ‘ना’ म्हणतेस, ते काय? जेवलीस ना, बरी आहेस ना, हो ना, सांगितलं ना. (त्यांनी नुसते ना तेवढे म्हणून दाखवले, हुबेहूब माझ्या सुरात.)

मी विचार केला. प्रामाणिकपणे सांगायचं तर ना म्हणजे नाही. म्हणून सांगितलं, “न्ये.”

त्यांनी चष्मा काढला. म्हणजे आईला तू रोज वीस वेळा नाही म्हणतेस, आणि वर हसतेस?

मी म्हटलं, “नो.”